वायर सैल नव्हती

माझ्या कम्प्युटरची स्क्रीन कायम काळी असायची. मला दिसत नाही, मग उजेड कुणासाठी जाळायचा? शिवाय आमचं काम दवाखान्यांचं. पेशंटची नावं, त्यांचे आजार, सगळं समोर उघडं पडलेलं. मागून येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचू नये म्हणून मी तीन कळा एकदम दाबून स्क्रीनवर पडदा ओढायची. आत मशीन चालू, बाहेर काळोख. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात साफसफाई करणाऱ्या मावशींनी 'हे बंदच आहे' असं समजून दोनदा भिंतीवरचं बटण बंद केलं, माझं काम चालू असताना. दुसऱ्यांदा मी अशी काही ओरडले की त्यानंतर महिनाभर माझ्या टेबलावरची धूळ कुणी पुसली नाही.

हा पडदा लक्षात ठेवा. पुढे त्यानंच माझी वाट लावली.

मी शैला. माणसं मालवणकडची, वडील गिरणीत, वाढले जोगेश्वरीत. नजर लहानपणापासूनच अधू होती, बाराव्या वर्षी उरलीसुरलीही गेली. गेल्या वर्षी निवृत्त झाले, त्याआधी बावीस वर्षं एका कंपनीत तांत्रिक मदतीच्या खुर्चीवर बसले. आमची कंपनी दवाखान्यांना सॉफ्टवेअर विकायची आणि ते बिघडलं की आम्ही अंधेरीत बसून मुलुंडच्या नाही तर बोरिवलीच्या मशीनमध्ये शिरून दुरुस्त करायचो. लोक विचारतात, "पण तुम्हाला दिसत नाही, मग कसं?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता कुणी नाही विचारला तर चुकल्यासारखं वाटतं.

तर कसं, ते सांगते. माझ्या मशीनवर एक वाचक प्रोग्राम असतो. स्क्रीनवर जे लिहिलंय ते तो कानात बोलतो, आणि मी माऊसला हात न लावता सगळं कळांनी करते. इथवर सोपं. पण दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरायचं जे साधन असतं, ते तिकडच्या स्क्रीनचं नुसतं चित्र पाठवतं. डोळसांना चित्र पुरतं. वाचकाला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, तो गप्प बसतो. म्हणून मी तिकडच्या मशीनवरही माझा एक वाचक पाठवायची. बसवावा लागत नाही, फोल्डर टाकलं की चालू. त्यात माझ्या सगळ्या सवयी भरलेल्या असायच्या, वेग, आवाज, कुठल्या कळांनी काय होणार, सगळं.

म्हणजे माझ्या कानात दोन माणसं. माझ्या मशीनला मी बाईचा आवाज दिला होता, ती इकडची. समोरच्या मशीनला पुरुषाचा, तो तिकडचा. कळफलक मात्र एकच. मी दाबलेली कळ इकडचीला जातेय की तिकडच्याला, हे क्षणोक्षणी माहीत असायला हवं. आमच्या धंद्याची मेख तीच.

आणि आणखी एक. मला दिसत नाही हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, असा कंपनीचा तोंडी नियम होता. मीही तो मुकाट पाळला, कारण सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "मग दुसऱ्या कुणाला तरी द्या ना." बोरिवलीला एक एक्स-रेवाले काका होते. ते माऊस फिरवत राहायचे आणि म्हणायचे, "हे बघा मॅडम, इथे. हे काय, गोल गोल फिरवतोय ना मी!" मी म्हणायची, "काका, गोल फिरवू नका. तिथे काय लिहिलंय ते वाचा. माझ्याकडे चित्र पुसट येतंय." हे पुसट चित्राचं खोटं मी बावीस वर्षांत किती वेळा बोलले असेन, देव जाणे. इतक्या सफाईनं बोलायची की ते खोटं आहे हेच विसरून गेले होते.

मग साधन बदललं. जुन्या साधनात कळा तिकडे गेल्या की एकदा 'टुक' वाजायचं, परत आल्या की दोनदा. नवं साधन म्हणे फार देखणं. त्यात टुक नव्हतंच. कळा तिकडे गेल्या की चित्राभोवती लाल चौकट यायची, परत आल्या की हिरवी. झकास! बटणांना नावंसुद्धा नव्हती. इकडची आपली म्हणायची, "बटण. बटण. बटण." तिकडच्या मशीनचा आवाजही पोचेना. मी गिऱ्हाइकाला फोन स्पीकरशेजारी ठेवायला सांगायची आणि तिकडच्याला फोनवरून ऐकायची.

आमचा टीम लीडर केदार. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मी त्याला अरे-तुरे करायची, तो मला ताई म्हणायचा. वाईट नव्हता. मी त्याला म्हटलं, "अरे, मला एक टुक पाहिजे. फक्त एक टुक! रॉकेट नाही मागत."

"ताई, मी बनवणाऱ्यांना कळवलंय. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणतात."

त्या पुढच्या आवृत्तीची वाट बघता बघता माझा वेग निम्म्यावर आला. टुक नाही म्हणून मी एक युक्ती काढली होती. कळा कुठे आहेत कळावं म्हणून मी दर थोड्या वेळानं घड्याळाची कळ दाबायची. बाईनं वेळ सांगितली तर मी घरी, पुरुषानं सांगितली तर पाहुणी. युक्ती चोख होती, पण वेळ खायची. दोन महिन्यांनी केदार माझ्या शेजारी येऊन बसला आणि आवाज खाली करून म्हणाला, "ताई, वरून विचारणा आहे. गुरुवारी दिवसभर मी तुमच्या शेजारी बसून बघणार आणि रिपोर्ट देणार. नाही जमलं तर तुम्हाला फीडबॅकला टाकतील."

फीडबॅक म्हणजे फोन लावून "आमची सेवा कशी वाटली?" असं विचारत बसायचं. मशीनला हात लावायचा नाही. ज्या खुर्चीसाठी मी पोरवयात कम्प्युटर क्लासच्या दारातून 'तुला दिसत नाही' म्हणून तीनदा परत पाठवली गेले होते, ती खुर्ची एका टुकपायी जाणार होती.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला घाटकोपरच्या एका डायलिसिस सेंटरचा फोन आला. बोलत होत्या तिथल्या सिस्टर, रेश्मा नाव. आवाज तरुण आणि घाबरलेला. "मॅडम, पेशंटचं काहीच उघडत नाहीये. दुसरी शिफ्ट बसायची आहे. सहा जण येऊन थांबलेत."

डायलिसिसमध्ये प्रत्येक पेशंटच्या अंगातून किती पाणी काढायचं, कुठलं औषध द्यायचं नाही, हे सगळं त्याच्या नोंदीवर चालतं, आणि दर खेपेला ते बदलतं. या सेंटरनं कागद बंद केले होते. नोंदींची प्रत होती ती नऊ दिवसांपूर्वीची. मी आत शिरले, माझा वाचक पाठवला, रेश्मानं फोन स्पीकरपाशी ठेवला. तिकडचा बोलायला लागला. नोंदींची फाइल खराब झाली होती. ती दुरुस्त करणारा प्रोग्राम मी सुरू केला.

"सिस्टर, आता वीसेक मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. मधेच मशीन बंद पडली तर फाइल अर्धी इकडे अर्धी तिकडे होईल. मग नऊ दिवसांचं सगळं गेलं समजा."

"नाही लावत हात, मॅडम."

"दहा टक्के," तिकडचा म्हणाला. मी कळा परत इकडे आणल्या आणि कॉलची नोंद लिहायच्या तयारीला लागले. केदार शेजारी बसला होता, त्याच्या पेनाचं टोपण सारखं टकटक करत होतं. त्याला दिसावं म्हणून माझी स्क्रीन त्या दिवशी उघडी ठेवली होती. तेवढ्यात मागून पाचसहा माणसं बोलत आली. कुणीतरी बाहेरचे पाहुणे ऑफिस बघायला आले होते. माझ्या समोर पेशंटची नावं उघडी. केदार माझ्या कानाशी लागून म्हणाला, "ताई, पाहुणे आहेत, जरा..." आणि मी सवयीनं तीन कळा दाबून पडदा ओढला.

त्याआधी घड्याळाची कळ दाबायला हवी होती. दर वेळी दाबायची. पण केदार वेळ मोजतोय, सारखी वेळ विचारणारी बाई त्याला मंद वाटेल, असं मनात आलं आणि मी ती गाळली. कळा परत आल्याच नव्हत्या. चौकट लालच होती, आणि केदारला त्या लालचा अर्थ माहीत नव्हता, कारण डोळसांना त्याची गरजच पडत नाही, ते माऊस कुठे आहे ते बघतात. "पडदा चालू," असं कुणीतरी म्हणालं. एका कानात केदार बोलत होता. दुसऱ्या कानातला तो आवाज पुरुषाचा होता. मी तो ऐकला, पण माझ्या डोक्यात काही तो शिरला नाही.

"मॅडम!" रेश्मा किंचाळलीच. "काळी झाली! स्क्रीन काळी झाली! गेला कम्प्युटर!"

पण फोनमधून तिकडचा शांतपणे म्हणत होता, "पस्तीस टक्के."

"सिस्टर, मशीन चालू आहे. दुरुस्ती चाललीय."

"कुठे चालू आहे? काळं ठिक्कर आहे सगळं!"

मागे एक पुरुष बोलू लागला. तिथले डॉक्टर. "काय झालं? हँग झालाय तो. सिस्टर, बटण दाबून बंद करा आणि परत चालू करा."

"डॉक्टर, नको!" मी इतक्या जोरात ओरडले की आमच्या ऑफिसातले पाहुणे गप्प झाले. "बटणाला हात लावू नका. ऐका, तो आकडा बोलतोय. ऐकू येतंय ना? तो बोलतोय म्हणजे मशीन जिवंत आहे."

"अहो मॅडम, माझे सहा पेशंट बसलेत. एकाला दम लागतोय. तुम्ही मला आवाज काय ऐकवता?"

केदार माझ्या स्क्रीनकडे वाकला. इथे एक गंमत होती. तिकडचं जे चित्र आमच्याकडे यायचं, त्यात तो पडदा येत नसे. त्यामुळे केदारला सगळं लख्ख दिसत होतं. खरं तर माझी स्क्रीन काळी व्हायला हवी होती, पण त्या गडबडीत ते त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यानं माझ्याकडून बोलणं हातात घेतलं, "डॉक्टर, आमच्याकडे व्यवस्थित दिसतंय. तुमचा मॉनिटर गेलाय किंवा त्याची वायर सैल आहे. सिस्टर, टेबलाखाली बघा, मॉनिटरची वायर काढून परत लावा."

रेश्मा टेबलाखाली शिरली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मॅडम, इथे खूप वायरी आहेत. सगळ्या काळ्या. ही ओढू का?"

"बावन्न टक्के," तिकडचा म्हणाला.

चुकीची वायर ओढली तर मशीनच बंद. तिकडच्याचा आवाज ऐकत होते आणि एकदम आठवलं. मगाशी 'पडदा चालू' म्हणाला होता तो हाच. इकडची नव्हे, हाच. आमच्या ऑफिसातल्या मावशी, ते भिंतीवरचं बटण, सगळं एका झटक्यात समोर आलं. मॉनिटर ठीक होता, वायर ठीक होती. त्या बाईची स्क्रीन मी काळी केली होती.

"सिस्टर, थांबा! काहीही ओढू नका. हात बाजूला घ्या!"

"मी फक्त हिला हात लावलाय..."

"काढा हात!" आणि मी त्याच तीन कळा परत दाबल्या. "पडदा बंद," तिकडचा म्हणाला.

"आली! आली!" रेश्मा टेबलाखालून ओरडली. "डॉक्टर, आली ना? मी नुसता हात लावला वायरीला."

केदारनं सुस्कारा सोडला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हटलं ना, वायर सैल होती."

आता मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण माझ्या शेजारी बसलेला माणूस माझ्या खुर्चीचा रिपोर्ट लिहीत होता. 'आंधळ्या बाईनं डायलिसिस सेंटरची स्क्रीन घालवली,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पुढे माझं कुणी ऐकलं नसतं, टुक नव्हतं, चौकट लाल होती, काही नाही. तेवढ्यात फोनमधून डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, किती वेळा सांगितलंय, वायरींकडे लक्ष ठेवा म्हणून? कळत कसं नाही तुम्हाला?" रेश्मा हळूच "सॉरी डॉक्टर" म्हणाली.

मी मूग गिळून बसले. कॉलच्या नोंदीत लिहिलं, 'मॉनिटरची वायर सैल. ग्राहकाने नीट बसवली.' शंभर टक्के झाले, नोंदी सुखरूप आल्या, सहाही पेशंट मशीनवर गेले. केदारनं रिपोर्ट चांगला दिला. "ताई, काय सांभाळलंत तुम्ही! डॉक्टर तर बंदच करायला सांगत होते." संध्याकाळी त्यानं सगळ्यांना कटिंग चहा पाजला. माझा टेबलावर तसाच निवला.

सोमवारी माझ्या नावानं फोन आला. रेश्मा होती. "मॅडम, बिझी आहात का? एक विचारायचं होतं. मला मेमो मिळालाय. निष्काळजीपणा म्हणून. लेखी उत्तर द्यायचंय. वायर खरंच सैल होती का हो? मी रोज सकाळी आल्या आल्या सगळ्या वायरी दाबून बघते. त्या दिवशीही बघितल्या होत्या. असं मला तरी वाटतंय. पण आता काही खरं वाटत नाही. मशीनच्या नळ्या लावतानासुद्धा दोन दोनदा बघतेय, लावली की नाही. पेशंट विचारतात, सिस्टर, काय झालं?"

माझाच हात धरून कुणी माझ्या तोंडात मारावी तसं झालं. सगळं आयुष्य मी याच संशयाशी भांडले होते. हिला जमतं की नाही, हिनं नीट केलं असेल का, कुणी डोळसानं एकदा बघून घ्या. त्या संशयाचा मला किती तिटकारा! आणि तोच मी या पोरीच्या डोक्यावर ठेवून चार दिवस चहा पीत बसले होते. ती आता स्वतःवरच संशय घेत होती.

"रेश्मा," मी म्हटलं, "वायर सैल नव्हती. मला दिसत नाही. मी पूर्ण आंधळी आहे. माझ्या सवयीच्या तीन कळा आहेत, स्क्रीन काळी करण्याच्या. त्या चुकून तुझ्या मशीनला लागल्या. मीच काळी केली आणि मीच परत आणली. त्याच वेळी तुझा हात वायरीवर होता, एवढंच. मला ते तेव्हाच कळलं होतं. बोलले नाही, कारण माझी नोकरी जाईल अशी भीती वाटली."

ती शिव्या घालेल, फोन आपटेल, "आंधळ्या बाईच्या हाती आमचे पेशंट दिले" म्हणेल, सगळ्याची तयारी ठेवून बसले होते. मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "म्हणजे मी नीट लावल्या होत्या?"

"हो गं बाई. नीट लावल्या होत्यास."

"नक्की ना, मॅडम?"

"नक्की. लेखी देते."

त्याच दुपारी मी तीन पानं लिहिली. एक प्रत डॉक्टरांना, एक केदारला, एक साधन बनवणाऱ्यांना. कुठल्या कळा, कुठली चौकट, कुठला आवाज मी ऐकूनही ऐकला नाही, आणि मग चार दिवस गप्प का बसले, तेही. केदारनं तिन्ही पानं वाचली. मग म्हणाला, "ताई, मिटलं होतं ना? कशाला उकरून काढलंत?"

"तुझं मिटलं होतं," मी म्हटलं.

रेश्माचा मेमो मागे घेतला गेला. माझी खुर्ची राहिली, पण दवाखान्यांचे कॉल काढून घेतले. शेवटचं दीड वर्ष मी औषधदुकानांची बिलं छापणारे प्रिंटर दुरुस्त केले. राग आला. खूप आला. अजूनही येतो, कारण मी चांगली होते आणि ते सगळ्यांना माहीत होतं. पण ज्या दिवशी खरं सांगायचं होतं त्या दिवशी मी सांगितलं नाही, हेही तेवढंच खरं. त्याचा दोष मला त्या लाल चौकटीवर टाकता येत नाही.

आठ महिन्यांनी नवी आवृत्ती आली. मी एका दुकानाच्या मशीनमध्ये शिरले आणि कानात वाजलं, टुक. मी परत आले, टुक टुक. चार वेळा उगाच गेले-आले. त्या आवृत्तीबरोबर आलेली बदलांची यादी इकडचीकडून वाचून घेतली. पहिल्या पानावर नवे रंग, नवी चिन्हं, नवं रूप. टुकचा उल्लेख अगदी तळाशी, 'किरकोळ सुधारणा' या मथळ्याखाली.

रेश्मा आता त्या सेंटरची इनचार्ज आहे. दर दिवाळीला तिचा फोन येतो, आणि शुभेच्छांच्या आधी ती एकच वाक्य बोलते, "मॅडम, सकाळीच तपासल्या. सगळ्या घट्ट आहेत." आणि खळखळून हसते. मला अजून त्यावर हसता येत नाही. मी म्हणते, "माहीत आहे गं. तेव्हाही होत्या."